आधी गाडी तपासा, मग माणसाच्या वयावर बोला

आज विषय गॅरेजचा आहे, पण तो शेवटी घरात येऊन पोचतो, म्हणून इथं लिहितोय.

जुन्या गाडीचं पुढचं सस्पेन्शनचं काम करून आणलं आणि त्या दिवसापासून गाडी सरळ रस्त्यावर सरळ जाईना, ही तक्रार बेळगावात मी कितीतरी जणांकडून ऐकली आहे. त्यावर उत्तरं दोनच मिळतात. एक म्हणजे "जुनी झाली, विकून टाका." दुसरं, चालवणारा सत्तरीचा असला तर, "आता तुमच्यानं होत नाही." माझं मत सरळ सांगतो. ही दोन्ही उत्तरं घाईची आहेत. कामानंतर सुरू झालेला दोष आधी त्या कामातच शोधायचा असतो. चाकांची मापं घेऊन, गाडी रस्त्यावर सरळ चालवून दाखवल्याशिवाय सस्पेन्शनचं काम संपलं असं कुठल्याही गॅरेजनं म्हणू नये, आणि आपणही ते मान्य करू नये.

उदाहरण आमच्याच घरचं. आण्णांची १९९७ ची मारुती ८००, नंबर केए-२२ चा. ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात पहिल्यांदा ग्राहकाच्या हातात आली आणि २०१४ च्या सुरुवातीला तिचं उत्पादन थांबलं. या तीस वर्षांत टिळकवाडीपासून शहापूरपर्यंत अशी गल्ली नसेल जिथं एखादी ८०० उभी नव्हती. आमची गाडी पंधरा वर्षांनंतर आरटीओत पुन्हा पास करून घेतली, पुढंही वेळच्या वेळी पास केली. कारण एकच. आण्णा दर भाऊबीजेला जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट करत साखळीला आत्याकडं स्वतः गाडी चालवत जायचे. त्यात ना कधी खंड, ना कधी ड्रायव्हर.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी गाडीचं पुढचं काम करून घेतलं. दोन्ही शॉकअप नवे, लोअर आर्मचे बुश नवे, स्टॅबिलायझर रॉडचे बुश नवे, दोन्ही टायरॉड एंड नवे. गाडी घरी आली ती डुलतच. संकेश्वरच्या बाजूला हायवेवर ट्रक शेजारून गेला की गाडी एकीकडं जायची. स्टिअरिंगनं सावरली की दुसरीकडं जायची. पन्नासच्या वर दोन्ही हात घट्ट धरून बसावं लागायचं. गॅरेजवाल्यानं पुन्हा गाडी घेतली, स्टिअरिंग "टाइट" करून दिलं आणि वर म्हणाला, "आण्णा, तुम्ही स्टिअरिंग लई हलवूलालाय."

आण्णांनी ते मनाला लावून घेतलं. डोळे तपासून आले, नंबर तोच निघाला. तरी एक दिवस जेवताना म्हणाले, "या वर्षी साखळीला बसनं जातो. हातात आता ती गंमत राहिली नाही." घरात दोघा-तिघांनी सुटकेचा श्वास टाकला. मला मात्र एक गोष्ट पटत नव्हती. माणूस गुरुवारी सकाळी गाडी गॅरेजला सोडताना नीट चालवतो आणि शनिवारी संध्याकाळी परत आणताना म्हातारा होतो, असं होत नाही. वय असं तारीख बघून येत नाही. बिघाड मात्र येतो.

पुढचं लिहायच्या आधी एक फरक सांगतो, कारण इथंच अर्धी गल्लत होते. गाडी "ओढणं" वेगळं आणि गाडी "भटकणं" वेगळं. सतत एकाच बाजूला जाते ती ओढते. त्यामागं टायरची हवा, चिकटलेला ब्रेक किंवा डाव्या-उजव्या चाकाच्या कोनातला फरक असू शकतो. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते असतात, त्यामुळं डावीकडं थोडासा कल असणं हा दोषच नव्हे. भटकणारी गाडी कधी डावीकडं जाते, कधी उजवीकडं, आणि चालवणाऱ्याला सारखं सावरत ठेवते. तिची कारणं निराळी. गॅरेजला गेल्यावर "स्टिअरिंगला प्रॉब्लेम आहे" एवढंच सांगू नका. ओढते की भटकते, किती वेगाला, ब्रेक मारल्यावर वाढतं की नाही, हे सांगा. दुखणं नीट सांगितलं तर औषध नीट मिळतं.

आम्हाला ज्यांनी वाट दाखवली ते तिसऱ्या रेल्वे गेटच्या बाजूचे एक वयस्कर मिस्त्री. आधी सैन्यात गाड्यांच्या कामावर, नंतर स्वतःचं छोटं शेड. त्यांनी पाना हातात घ्यायच्या आधी गाडी चालवून बघितली. मोकळ्या जागी हळू वळण घेतलं आणि स्टिअरिंग हातात सैल सोडलं. नीट गाडीचं स्टिअरिंग अशा वेळी आपणहून बरंचसं सरळ येतं. आमचं जिथं वळवलं तिथंच राहिलं. ते म्हणाले, "आण्णा, तुमचे हात बरोबर हाईत. गाडीच विसरूलालीय सरळ व्हायचं." आण्णांचा चेहरा त्या वाक्यानं जो बदलला, तो मी कुठल्याही बिलात मोजू शकत नाही.

त्यांना तीन गोष्टी सापडल्या, आणि तिन्ही नव्या कामातल्या.

पहिली, रॅक. ८०० ला पॉवर स्टिअरिंग नाही, साधा रॅक आणि पिनियन. त्यात दाते एकमेकांना किती दाबून धरायचे याचा एक स्क्रू असतो. "प्ले काढला" म्हणून तो जास्त आवळला होता. त्यानं प्ले जातो, पण स्टिअरिंग जड होतं आणि परत यायचं थांबतं. मग चालवणारा डावीकडून सावरतो, ते जास्त होतं, उजवीकडून सावरतो, तेही जास्त होतं. बघणाऱ्याला वाटतं, हा सारखं स्टिअरिंग हलवतोय. खरं म्हणजे गाडी त्याच्याकडून ते करून घेत असते. शॉकअपच्या वरच्या टोकाचं बेअरिंग अडकलं तरी असंच होतं, म्हणून तेही त्यांनी स्प्रिंगवर हात ठेवून, चाक वळवून बघितलं.

दुसरी गोष्ट बुशची. लोअर आर्मचा बुश म्हणजे लोखंडी नळीला चिकटलेलं रबर. नट आवळला की नळी जागेवर पकडली जाते आणि त्यानंतर रबर फक्त पीळ घेतं. गाडी जॅकवर, चाकं हवेत लोंबत असताना नट शेवटचा आवळला, तर तीच जागा रबराला "सरळ" वाटते. गाडी खाली उतरवल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं. गाडी पुढून उंच उभी राहते, नीट बसत नाही आणि बुशही लवकर फाटतो. म्हणून शेवटचा आवळ गाडी चारही चाकांवर, जमिनीवर असतानाच द्यायचा. त्यात ८०० चं एक खास आहे. हिचा स्टॅबिलायझर रॉड फक्त झोल कमी करत नाही, लोअर आर्मला पुढं-मागं धरूनही ठेवतो. त्याचे बुश आणि वॉशर उलटसुलट बसले किंवा नट सैल राहिला, तर चाक थोडं मागं सरकतं आणि कास्टर कमी होतो. कास्टर म्हणजे काय, तर सायकलचा पुढचा चिमटा जसा तिरका असतो तसा चाकाच्या फिरण्याच्या रेषेचा कल. त्या कलामुळं सायकलला हात सोडूनही सरळ जायला मदत होते. तो कमी झाला की गाडीची सरळ जायची ओढ कमी होते.

तिसरी आणि सगळ्यात मोठी, टो. नवे टायरॉड एंड नजरेच्या अंदाजानं बसवले होते. मिस्त्रींनी गाडीच्या दोन्ही बाजूंना स्टँडवर दोरे ताणले. दोरा मागच्या चाकाला टेकवून भागत नाही, कारण पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं रुंदीचं अंतर सारखं नसतं. चाकांच्या मधोमधपासून दोन्ही बाजूंना सारखं माप धरून दोरे समांतर केले. मग रिमची पुढची कड आणि मागची कड दोऱ्यापासून किती लांब, ते स्टीलच्या पट्टीनं मोजलं. दोन्ही चाकं मिळून पुढून ५ मिलिमीटर बाहेर फाकलेली. ५ मिलिमीटर म्हणजे बोटाच्या नखाच्या अर्ध्याइतकं, पण बारा इंची रिमवर त्याचा अर्थ असा की दर किलोमीटरला टायर मिळून पंधरा-सोळा मीटर आडवे घासतात. चाकं अशी बाहेर बघत असली, की वाऱ्यानं किंवा खड्ड्यानं ज्या चाकावर जास्त वजन येतं त्या चाकाच्या दिशेला गाडी निघते. डाव्यावर आलं की डावीकडं, उजव्यावर आलं की उजवीकडं. याचंच नाव भटकणं.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा होता. आधी टायरची हवा आणि टायरची झीज. मग जॅकवर चाक धरून हलवून बॉल जॉइंट, बेअरिंग आणि टायरॉडमध्ये प्ले आहे का ते. मग रॅकचा स्क्रू कंपनीच्या पुस्तकाप्रमाणं. मग बुशचे नट सैल करून, गाडी पुढं-मागं ढकलून, दाबून बसवून, जमिनीवर आवळणं. मागच्या ॲक्सलचे बुशही बघितले, कारण मागचा भाग हलला तरी पुढं स्टिअरिंगच भटकल्यासारखं वाटतं. आणि सगळ्यात शेवटी, रॅक मधोमध ठेवून, दोन्ही बाजूंचे टायरॉड सारखे फिरवून टो. हा क्रम उलटा केला तर आधी घेतलेला टो बुश आवळल्यावर पुन्हा बिघडतो, कारण गाडीची उंची बदलली की टोही बदलतो. दुपारपर्यंत काम झालं. एकही नवा पार्ट लागला नाही.

आता कुणी म्हणेल, हे सगळं कॉम्प्युटर अलाइनमेंटवर होतं, दोरा कशाला? मी मशीनच्या विरोधात नाही. मशीन कोन दोऱ्यापेक्षा बारीक मोजतं, कास्टर-कॅम्बरही दाखवतं. पण ते फक्त मोजतं. बुश हवेत आवळलाय, रॅक अडकलाय, हे पडद्यावर येत नाही. हिरवा आकडा आला म्हणून गाडी बरी झाली असं नाही. आणि दोऱ्याचीही भक्ती नको. कंपनीचा आकडा समोर नसेल तर दोरासुद्धा अंदाजच. प्रश्न दोरा की मशीन हा नाहीच. मोजणारा माणूस मोजायच्या आधी गाडी हातानं तपासतो का, हा आहे. उद्यमबागच्या फाउंड्र्या आणि लेथवर वाढलेल्या आपल्या गावाला हे वेगळं सांगायला नको. मराठी, कन्नड, उर्दू, ज्या भाषेत बोलाल त्या भाषेत इथला कारागीर माप समजतो. माप घ्यायची सवय मात्र घाईत सुटत चालली आहे.

"विकून टाका" म्हणणाऱ्यांचं एक मात्र मला मान्य आहे. स्टॅबिलायझर किंवा लोअर आर्म जिथं बॉडीला धरतो तो पत्राच गंजून सुटला असेल, तर आठवणींपायी ती गाडी घाटात नेऊ नये. नीट वेल्डिंग होत नसेल तर थांबवावी. पण तो निर्णय गाडीखाली वाकून, टॉर्च मारून घ्यायचा असतो, गाडीचं वर्ष बघून नव्हे.

म्हणून माझी मागणी तीन गोष्टींची. सस्पेन्शनचं काम दिलंत तर आधीच सांगा, की बुशचा शेवटचा आवळ गाडी जमिनीवर असताना द्यायचा. टोचं आधीचं आणि नंतरचं माप बिलावर लिहून घ्या. आणि पैसे देण्यापूर्वी जो रोज गाडी चालवतो त्यालाच स्टिअरिंगवर बसवून, मिस्त्रींना शेजारी घेऊन, सपाट रस्त्यावर जाऊन-येऊन चक्कर मारा. चांगला कारागीर याचा राग धरत नाही. उलट त्याला बरं वाटतं, की कुणीतरी काम बघतंय.

आणि घरच्यांसाठी एक. वय होतं, नजर कमी होते, एक दिवस प्रत्येकाला किल्ली खाली ठेवावी लागते. आण्णांनाही लागेल आणि ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. पण ती किल्ली ५ मिलिमीटरच्या चुकीपायी, दुसऱ्याच्या अर्धवट कामापायी कुणाच्या हातातून जाऊ नये. गाडीची चाचणी अर्ध्या दिवसात होते. माणसाचा गेलेला भरवसा परत आणायला त्याहून पुष्कळ जास्त वेळ लागतो.

तुमच्याकडं बेळगाव, खानापूर, निपाणी भागात असा माप घेऊन काम करणारा मिस्त्री असेल, तर त्याच्याकडं एखाद्या शिकाऊ पोराला बसवा. तो दोरा कसा ताणायचा, हे अजून दोघांना तरी आलं पाहिजे.