छतावर सौर पॅनेल बसवताय? आधी बसवणारा पारखा!

बीड जिल्ह्यातील वीजग्राहकांना तातडीचे आवाहन



पाणी नाही म्हणून २०१५ मध्ये परळीचे औष्णिक वीजकेंद्र बंद ठेवावे लागले होते. पाण्याची ओढ असलेल्या आपल्या जिल्ह्यात उन्हाला मात्र तोटा नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर मोफत वीज योजने'तून घराच्या छतावर एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. एक किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिट वीज तयार होते. योजना २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंतच आहे. तेव्हा लाभ जरूर घ्या. पण मुदत संपत आली म्हणून, ओळखीचा आहे म्हणून किंवा दहा हजारांनी स्वस्त पडतो म्हणून भलत्याच्या हाती छत देऊ नका.

हे काम पंखा टांगण्याइतके सोपे नाही. इन्व्हर्टर बंद केला तरी ऊन आहे तोवर पॅनेलकडून येणाऱ्या तारांत वीज असतेच, आणि घरगुती संचात ती दोन-तीनशे व्होल्टची असू शकते. दोन तारा जोडणारा बोटभर कनेक्टर घ्या. तो नीट दाबून बसवला नाही, किंवा एका कंपनीचा नर आणि दुसरीचा मादी असा जोडला, की सांधा तापू लागतो. मे महिन्याच्या उन्हात त्याचे प्लास्टिक वितळते, ठिणगी पडते. पॅनेलकडून येणाऱ्या डीसी विजेची ही ठिणगी सहजी विझत नाही. खालून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही.

अर्थिंगचेही तसेच. डीसी, एसी आणि वीजरोधक यांच्यासाठी तीन वेगवेगळे खड्डे लागतात. वरवर मुरमात सळई ठोकून तार गुंडाळली, की दिसायला अर्थिंग झाले. उन्हाळ्यात जमीन वाळली की ते निकामी.

म्हणून पैसे देण्याआधी एवढे कराच :

१. विक्रेत्याचे नाव योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवरील नोंदणीकृत यादीत स्वतः पाहा. नसेल, तर अनुदान विसरा. प्रत्यक्ष जोडणी करणाऱ्या माणसाचा वायरमन परवानाही मागा.

२. छतावर न चढता दर सांगणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. जुने माळवद किंवा सैल पत्रा वजन पेलेल का, टाकीची सावली कुठवर येते, हे आधी पाहायला हवे. वळवाच्या वाऱ्याने घरांवरचे पत्रे उडतात, तिथे सांगाडा कच्चा चालणार नाही. स्लॅबला भोके पाडली तर गळती कोण थांबवणार, हेही विचारा.

३. लेखी करार करा. पॅनेल व इन्व्हर्टरची कंपनी, क्षमता, हमी आणि पाच वर्षांची देखभाल त्यात आलीच पाहिजे. अनुदानासाठी भारतीय बनावटीच्या सेलचेच, म्हणजे डीसीआर, पॅनेल लागतात. बसवण्याआधी त्यांचे क्रमांक टिपून ठेवा.

४. सगळी रक्कम आगाऊ देऊ नका. कुणालाही ओटीपी सांगू नका. संच सुरू झाल्यावर अनुदान थेट तुमच्या बँक खात्यात येते. ते मिळवून देण्यासाठी कुणाला टक्केवारी द्यायची नसते.

५. काम संपल्यावर अर्थिंगचे रीडिंग समोर घ्यायला लावा. ते पाच ओहमच्या आत हवे. महावितरणचे नेट मीटर बसल्याशिवाय संच सुरू करू देऊ नका.

'लाइट गेली तरी घर उजळलेलं राहील' असे कुणी सांगत असेल, तर बॅटरी कुठे आहे ते विचारा. बॅटरी नसलेला ऑन-ग्रिड संच लाइट गेली की आपोआप बंद पडतो. खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव वाचावा म्हणून तो तसाच बनवलेला असतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना विशेष विनंती : तुम्ही फडावर असताना, घराला कुलूप असताना हे काम करून घेऊ नका. गावी असाल तेव्हाच, डोळ्यांसमोर करून घ्या. आधीच बसवून झाले असेल, तर वळवाचे दिवस सुरू होण्यापूर्वी परवानाधारक माणसाकडून सांगाडा, कनेक्टर आणि अर्थिंग एकदा तपासून घ्या. शंका असेल तर महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर किंवा जवळच्या उपविभागीय कार्यालयात विचारा.

ग्रामपंचायती, बचत गट आणि गावातल्या शिकलेल्या पोरांनो, हे आवाहन चावडीवर वाचून दाखवा, आणि ज्यांना पोर्टल उघडता येत नाही त्यांना ती यादी मोबाइलवर दाखवा. पॅनेल पंचवीस वर्षे टिकते. ते बसवणाऱ्याची चौकशी करायला एक दिवस द्या, मगच पैसे मोजा.