ऑनलाइन पदवी : कोणाला सोयीची, कोणाला महागात?

बारावीचा निकाल लागला की ‘घरबसल्या पदवी’च्या जाहिराती मोबाईलवर सुरू होतात. हडपसरमध्ये त्यांना गिऱ्हाईकही मिळते. मगरपट्टा, फुरसुंगीच्या आयटी पार्कात रात्रपाळी करणारे, औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारे, सोलापूर-धाराशिवहून पोटासाठी आलेले आपले कितीतरी तरुण इथे राहतात. प्रश्न त्यांचाच आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. ऑनलाइन पदवी दुय्यम नसते. विद्यापीठ आणि अभ्यासक्रम दोन्हींना यूजीसीची मान्यता असेल, तर ती पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची, असे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र अभियांत्रिकी, विधी, नर्सिंग, फार्मसी या पदव्या ऑनलाइन देता येत नाहीत. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र आणि आहारशास्त्राचाही त्यात समावेश झाला. विद्यापीठाला आपला अभ्यासक्रम फ्रँचायझी देऊन चालवता येत नाही. म्हणून एजंटाच्या हातात पैसे देण्याआधी यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचे आणि अभ्यासक्रमाचे नाव स्वतः तपासा. प्रवेशासाठी लागणारा डेब आयडीही स्वतःच काढा.

मान्यता तपासली, तरी तो अभ्यासक्रम आपल्याला झेपेल का, हे उरतेच. रोज दीड-दोन तास शांत जागा मिळते का? दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे असतील तर उत्तर प्रामाणिकपणे द्या. कोणी विचारणारे नसताना अभ्यास होतो का? इंग्रजीतले व्याख्यान समजते का? समजत नसेल, तर १९८९ साली स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. तिथे मराठीतली पुस्तके आणि अभ्यासकेंद्र मिळते.

नोकरी सोडता येत नाही किंवा लग्नानंतर शिक्षण तुटले, अशांसाठी ऑनलाइन पदवी खरोखर उपयोगाची आहे. पण अठरा वर्षांच्या मुला-मुलीने, नियमित प्रवेश शक्य असताना, केवळ सोपे म्हणून ती घेऊ नये. अण्णासाहेब मगर आणि एस. एम. जोशी ही महाविद्यालये हडपसरमध्येच आहेत. तिथे ग्रंथालय, प्राध्यापक आणि वेगवेगळ्या थरांतले मित्र मिळतात. आपल्या घरात शिकलेली पहिलीच पिढी असेल, तर ही ओळखपाळख पदवीइतकीच कामाला येते. बाहेरगावाहून आलेल्या आणि वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. पुण्यात तिची रक्कम वर्षाला ६० हजार रुपये आहे. शिष्यवृत्ती आणि स्वाधारचा हिशेब न करता ‘कॉलेज परवडत नाही’ असे ठरवू नका.

बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. विद्यार्थ्यासाठी त्यांनी घड्याळ बदलले. वर्ग आणि ग्रंथालय मात्र कायम ठेवले.

कार्यकर्त्यांना यातून काम मिळते. प्रवेशाच्या दिवसांत रविवारी विहारात एक टेबल मांडा. मुलांसोबत बसून मान्यता तपासा, शिष्यवृत्तीचे अर्ज भरा. आणि संध्याकाळी विहाराचा हॉल अभ्यासासाठी उघडा ठेवा. ऑनलाइन शिकणाऱ्याला वर्ग मिळत नाही. शांत जागा आणि सोबत तरी आपण देऊ शकतो.