रस्त्यावरच्या मुलांचा हिशेब

रस्त्यावर राहणाऱ्या मुलांविषयी आपल्याकडे दोन मते ऐकू येतात आणि ती मांडणारे एकमेकांना विरोधक समजतात. एका पक्षाच्या लेखी ही लेकरे अनाथ, दीनवाणी; त्यांना उचलून एखाद्या आश्रमात ठेवावे. दुसऱ्याच्या लेखी ती वाया गेलेली, नशेबाज, चोरटी पोरे; त्यांना उचलून सुधारगृहात डांबावे. एकाच्या डोळ्यांत पाणी, दुसऱ्याच्या कपाळाला आठी. उपाय मात्र दोघांचाही उचलण्याचाच. कारण मुलाला स्वतःचे बरेवाईट कळत नाही, हे दोघांनीही धरून चाललेले असते. माझा आक्षेप नेमका इथे आहे. मुंबईच्या फलाटावर किंवा उड्डाणपुलाखाली तगून राहिलेले मूल रोज हिशेब करत असते, आणि ज्या यंत्रणेला तो हिशेब वाचता येत नाही तिच्या हातून ते निसटतेच.

आधी अनाथपणाचे पाहू. टाटा समाजविज्ञान संस्था आणि ॲक्शनएड यांनी मुंबईतल्या रस्त्यावरच्या मुलांची गणना केली. तिचा अहवाल 2013 मध्ये आला. सुमारे 37 हजार मुले मोजली गेली आणि त्यांतली जवळपास दोन तृतीयांश आपल्या कुटुंबासोबत राहणारी निघाली. म्हणजे आईबाप आहेत, छप्पर नाही. अशा मुलाला संस्थेत नेऊन ठेवले तर आई पदपथावर तशीच राहते आणि मुलाच्या हातचे एकुलते नातेही जाते. उरलेल्यांत एकटी आलेली मुले असतात. त्यांच्यामागे मारहाण, उपासमार, कर्जाने किंवा दारूने मोडलेले घर असते. त्यांची ‘समजूत घालून’ घरी पाठवणी होते, पण ज्या माराला कंटाळून ती निघाली त्याची चौकशी कुणी केलेली नसते. मूल पुढच्या गाडीने परत येते. यात बिघडले कोण?

आता ही मुले जगतात कशी ते पाहा. भंगार वेचणारे मूल बाटल्या, पुठ्ठा, काच, लोखंड वेगवेगळे काढते, कारण भंगारवाल्याच्या काट्यावर प्रत्येकाचा भाव निराळा. सिग्नलवर विकायचा माल ऋतूप्रमाणे बदलतो: एरवी गजरे नि पेन, ऑगस्ट उजाडला की कागदी झेंडे. लांब पल्ल्याच्या गाडीत डबा झाडून चार नाणी मिळतात. कुठल्या गाडीत माणसे देतात आणि कुठल्या गाडीत हाकलतात, हे ठाऊक असते. दादरच्या गुरुद्वाऱ्यात लंगर आहे. माहीमला दर्ग्याच्या आसपास अशी हॉटेले आहेत की दारात रांगेने बसलेल्या भुकेल्यांच्या जेवणाचे पैसे येणारा-जाणारा देऊन जातो. झोपायची जागाही निवडून घेतलेली असते: उजेडाची, वर्दळीजवळची आणि टोळक्याने. एकटे झोपलेल्या मुलाचे काय होते हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले माहीत असते. टोळक्यातला मोठा पोरगा संरक्षण देतो आणि त्याची किंमत वसूल करतो. कधी कमाईतला वाटा घेऊन, कधी मुलाच्या शरीरावर हात टाकून. एकट्या मुली फलाटावर कमी दिसतात त्याचे एक कारण असे, की दलालाची नजर त्यांच्यावर आधी पडते.

‘मिळालेला पैसा ही पोरे संध्याकाळपर्यंत उडवतात, सिनेमा, जुगार, नशा,’ हा आक्षेप नेहमीचा, आणि वरवर खराही. पण उद्यासाठी ठेवायचा तर ठेवायचा कुठे? खिशात ठेवला तर झोपेत जाणार. मोठ्यांना कळला तर रात्रीच काढून घेतला जाणार. ज्या पैशाला सकाळ पाहायला मिळण्याची खात्री नाही, तो रात्रीच्या आत खाऊन टाकणे हीच व्यवहारबुद्धी. याचा पुरावा दिल्लीत आहे. ‘बटरफ्लाईज’ या संस्थेने 2001 मध्ये रस्त्यावरच्या मुलांसाठी ‘बाल विकास खजाना’ ही बचत बँक सुरू केली, तिचा कारभारही मुलांच्याच हाती दिला. जागा मिळताच त्याच ‘उधळ्या’ पोरांनी खाती उघडली. चिंधीवर घेऊन हुंगायच्या सोल्यूशनचेही असेच. त्यातल्या टोल्युइन या द्रावकाने मेंदू झिंगतो, भूक नि थंडीची जाणीव बोथट होते. पोटभर जेवणापेक्षा ते स्वस्त पडते. मूल व्यसनी होते हे खरेच. पण ज्या गरजा भागवण्यासाठी चिंधी नाकाशी लागली त्या तशाच ठेवून केलेली व्यसनमुक्ती फार दिवस टिकत नाही.

इथे कुणी म्हणेल, हे तर दैन्याचे कौतुक झाले. मुळीच नाही. हाच टोल्युइन मेंदू नि हृदय पोखरतो, आणि मोठ्या पोराच्या आश्रयाची किंमत मी वर सांगितलीच आहे. मूल शहाणे आहे म्हणून त्याला त्याच्या नशिबावर सोडा, हा निष्कर्ष यातून काढणारा माणूस मला करुणेच्या पक्षापेक्षाही धोक्याचा वाटतो. दुसरा आक्षेप भीक मागवणाऱ्या टोळ्यांचा. टोळ्या आहेत, आणि मुलाला भिकेला लावणाऱ्याला बाल न्याय कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे; ती जरूर व्हावी. पण प्रत्येक पसरलेल्या हातामागे टोळी कल्पिली की गाडीची काच वर करायला मन मोकळे होते, हा त्या समजुतीचा खरा उपयोग. 2021 मध्ये भिकाऱ्यांना रस्त्यांवरून हटवण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा भिकेचे मूळ गरिबीत आहे असे सांगून न्यायालयाने तसा आदेश द्यायला नकार दिला.

मग करायचे काय? रस्ता मुलाला कमाई, सोबत आणि स्वतःच्या पायांवर फिरण्याची मोकळीक देतो. बंद दाराची संस्था यातले काहीच देत नाही, वर सोबत्यांपासून तोडते. ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली 2016 मध्ये समर्थ भारत व्यासपीठाने महापालिकेच्या साथीने ‘सिग्नल शाळा’ काढली. कंटेनरमध्ये वर्ग भरवले, आणि सिग्नलवर माल विकणाऱ्या कुटुंबांची मुले आईबापांपासून न तुटता शिकू लागली. शाळा मुलाकडे गेली, एवढाच फरक. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. बाल न्याय कायद्याच्या 43 व्या कलमात खुल्या निवारागृहांची तरतूद आहे, तीही रस्त्यावरच्या मुलांना नजरेपुढे ठेवूनच. रात्री निर्धास्त झोप, पैसे ठेवायला कुलूपबंद कप्पा, आंघोळ, दवाखाना आणि सकाळी बाहेर पडण्याची मुभा देणारी अशी घरे मोठ्या स्थानकांजवळ हवीत. बालकल्याण समितीपुढे मुलाला उभे करायचेच. पण त्याच्याशी ओळख झालेला कार्यकर्ता सोबत असावा, आणि मुलाला काय हवे हे त्यालाही विचारले जावे.

अशा सोयी केल्या तर गावोगावची मुले इकडे लोटतील, असे भय घातले जाते. पण कुलूपबंद कप्प्याच्या आशेने कुणी मराठवाड्यातून निघत नाही. माणसे दुष्काळाने निघतात, मुले माराने निघतात, आणि असले एकही घर नसतानाच्या काळातही ती निघतच होती. खर्चाचा मुद्दा त्याहून फोल आहे. मुले उचलून आणण्याच्या मोहिमा, त्यांना ठेवायची गृहे, ती पळाल्यावरचा शोध आणि पुन्हा पकडून आणणे, यावर खर्च आजही होतोच आहे.