सिंगापूरचे हरित जहाज-इंधन: तयारी आहे, परवडणार कोणाला?

जगात सर्वाधिक जहाज-इंधन सिंगापूर बंदरात विकले जाते; २०२४ मध्ये ही विक्री सुमारे साडेपाच कोटी टनांवर पोहोचली. त्यातील बहुतांश इंधन अजूनही खनिज तेलच आहे. पर्यायांची कसोटीही येथेच लागत आहे. जुलै २०२३ मध्ये कंटेनर जहाजात मिथेनॉल भरले गेले. मार्च २०२४ मध्ये ‘फोर्टेस्क्यू ग्रीन पायोनियर’ या जहाजावर डिझेलच्या जोडीने अमोनिया वापरून पाहण्यात आला.

अमोनियात कार्बन नाही. परंतु तो विषारी आहे आणि तेवढ्याच ऊर्जेसाठी तेलाच्या जवळपास तिप्पट जागा व्यापतो. शिवाय नैसर्गिक वायू वा कोळशापासून बनवलेला अमोनिया वापरल्यास प्रदूषण जहाजावरून कारखान्यात सरकते, इतकेच.

हरित अमोनियाचा खरा अडसर दराचा आहे. जहाजांच्या उत्सर्जनावर जागतिक शुल्क आकारण्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ऑक्टोबर २०२५ मध्ये वर्षभर लांबणीवर टाकला. शुल्क नसेल, तर महाग इंधन घेण्यास जहाजमालक सहजी धजावणार नाहीत. सूर्य व वाऱ्यावर हे इंधन मोठ्या प्रमाणात बनवण्याइतकी जमीन सिंगापूरकडे नाही. ते आयातच करावे लागेल. भारताच्या किनाऱ्याला येथे संधी आहे, पण ग्राहक निश्चित झाल्याविना कारखाना उभारण्याचे धाडस कोण करणार?