स्मार्ट कार्ड हवेच, पण प्रवासाची नोंद किती दिवस?



मागे वर्गात वाहतुकीचा पाठ शिकवताना मुलांना घरातली जुनी तिकिटे आणायला सांगितली होती. एकाने आजीचे एसटीचे स्मार्ट कार्ड आणले. "बाई, यात तिकीट कुठंय?" मी म्हटलं, तिकीट मशीनमध्ये असतं. तर म्हणतो, "मग ते फाडून कसं टाकायचं?"

मुलाचा प्रश्न बरोबर होता. कागदी तिकिटाला आपले नाव ठाऊक नसायचे. उतरलो, चुरगाळून टाकले, संपले. कार्ड मशीनला लावले की कोणते कार्ड, कुठे, किती वाजता याची नोंद राहते. त्याला नाव, मोबाईल आणि आधार जोडलेले असेल तर ती त्या माणसाच्या येण्याजाण्याची वहीच झाली.

मी कार्डाच्या विरोधात नाही हं! सुट्ट्या पैशांवरून रोज होणारी वादावादी मीही पाहते. सवलत खऱ्या माणसाला मिळावी हेही पटते.

पण "नाव काढून टाकले की काळजी नाही" हे मला पटत नाही. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नमध्ये 'मायकी' नावाचे कार्ड चालते. २०१८ मध्ये तिथल्या वाहतूक खात्याने सुमारे दीड कोटी कार्डांच्या तीन वर्षांच्या प्रवासनोंदी एका स्पर्धेसाठी दिल्या. नावे नव्हती, कार्डांचे क्रमांकही बदलले होते. तरी मेलबर्न विद्यापीठातील संशोधकांनी त्यात आधी स्वतःचे कार्ड शोधले, मग सोबत प्रवास केलेल्या सहकाऱ्याचे. एका आमदाराने आपल्या प्रवासाबद्दल ट्विटरवर लिहिले होते, तेवढ्यावरून त्याचेही सापडले. एकदा कार्ड सापडले की त्याचे बाकीचे सगळे प्रवास उघडे!

आता आपल्याकडे बघा. वस्तीच्या थांब्यावर सकाळी सातच्या गाडीत एकच मुलगी चढते आणि संध्याकाळी तिथेच एकटी उतरते. नाव कशाला लागतेय? गावातला कोणीही सांगेल ती कोण. शाळेच्या मुलांची वेळ ठरलेली असते, म्हणून त्यांची नोंद ओळखायला सर्वांत सोपी. ती नको त्याच्या हाती पडली तर काय, हे मुलीच्या आईबापाला वेगळे सांगायला नको.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात, काही अपवाद सोडले तर, १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती सांगितली आहे. पण संमती म्हणजे आपल्याकडे काय, तर फॉर्मवर सही! आणि तो फॉर्म भरून घेणारे, आधारची झेरॉक्स मागून कपाटात गठ्ठे ठेवणारे बहुतेक वेळा आपण शिक्षकच असतो. माझ्याही कपाटात आहेत.

लंडनमध्ये कार्डावरील प्रवासाची नोंद साधारण आठ आठवड्यांनी व्यक्तीपासून तोडली जाते. आपल्याकडेही अशी मुदत ठरवून ती पासच्या फॉर्मवरच छापावी. सवलत नको असणाऱ्याला बिननावाचे कार्ड किंवा रोख तिकीट मिळत राहावे. आणि पालकांनो, पुढच्या वेळी सही करण्याआधी ही नोंद कोण बघणार आणि कधी पुसणार, एवढे दोन प्रश्न आम्हाला विचारा. आम्हाला उत्तर येत नसेल तर आम्ही आगारात जाऊन विचारू. मी या महिन्यात जाणार आहे.