टिंबांवर सही नाही

प्रति,
बारामती-इंदापूर भागात बांधकामांच्या निविदा काढणारे आणि करारनामे छापणारे सर्व अधिकारी

साहेब,

इंदापूर तालुक्यात एका गोदामाचे काम घेतले होते. नकाशात पाया पाच फूट. काळी माती संपून मुरूम लागला तो नवव्या फुटाला. जादा खोदाईची नोंद मोजमाप पुस्तकात आहे, कार्यालयाच्याच अभियंत्याच्या सहीने. बिलातून मात्र ती गळाली. भांडण आहे ते त्या चार फुटांचे.

लवाद मागितला, तर आठवड्यात पत्र आले (बिलाच्या वेळी ही चपळाई कुठे होती?). कार्यालयप्रमुखांनी परस्पर एकमेव लवाद नेमला होता : निवृत्त अभियंता, सध्या त्याच कार्यालयाचे पगारी सल्लागार. सोबत टाइप केलेला कागद, ‘सदर नेमणुकीस माझी हरकत नाही’, आणि खाली सहीसाठी टिंबे.

सल्लागारसाहेब सज्जन असतील. पण जत्रेच्या फडातसुद्धा पैलवानाचा वस्ताद पंच म्हणून उभा राहत नाही.

तो कागद साधा नव्हता. लवाद कायद्याच्या कलम १२(५) नुसार पक्षकाराचा नोकर किंवा सल्लागार लवाद होऊच शकत नाही; वाद उभा राहिल्यानंतर दोन्ही पक्षांनी लेखी सूट दिली तरच चालते. तीच सूट माझ्याकडून गुपचूप काढून घ्यायची होती. पुढचे काम जाऊ नये म्हणून छोटे ठेकेदार असल्या कागदावर डोळे झाकून सही करतात.

‘करारातच तसे कलम आहे, तुम्ही सही केलीत,’ असे म्हणाल. केली. निविदा भरताना कलम खोडायची मुभा कुणाला असते? निकालात ज्याचे हित गुंतले आहे त्याने एकमेव लवाद नेमू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ‘पर्किन्स ईस्टमन’ प्रकरणात सांगितले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी रेल्वे विद्युतीकरणाच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बहुमताने ठरवले, की सरकारी करारांतली अशी एकतर्फी नेमणूक समानतेच्या हक्काविरुद्ध आहे. तरी नव्या निविदांत जुनेच कलम उतरवले जाते.

नेमणूक मागे घ्या, दोघांना चालेल असे नाव ठरवू. पुढच्या निविदेतून ते कलम काढा. नाहीतर मला लवाद कायद्याच्या कलम १४ खाली न्यायालयात आणि नव्या लवादासाठी मुंबईला उच्च न्यायालयात जावे लागेल. वकिलाची फी चार फूट खोदाईपेक्षा महाग पडेल, तरी जाईन.

तो कागद सोबत परत पाठवतो आहे. टिंबे मोकळीच आहेत.

आपला,
एक ठेकेदार, इंदापूर