लग्नाच्या यादीत पदवीही लिहा!

‘बी.ए.ला काय असतं? तीन वर्षं कॉलेजला जायचं आणि पास व्हायचं!’ आपल्याकडे हे वाक्य इतकं सहज बोललं जातं, की मुलीच्या पदवीचा हिशेब घरात कुणी मांडतच नाही. मुलाच्या आय.टी.आय.ची, डिप्लोम्याची चौकशी वडील स्वतः जाऊन करतात. मुलीचं मात्र ‘चाललंय कॉलेज’ एवढंच. पण मैत्रिणींनो, आता पदवी नुसत्या ‘चाललंय’वर मिळत नाही. तिचा हिशेब चोख झाला आहे, आणि त्यात दोन गुण इकडे तिकडे झाले तरी सगळं अडतं.

हा हिशेब एकदा समजून घेऊ या. नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली आलं. त्यानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा आराखडा दिला. महाराष्ट्रात तो आधी स्वायत्त कॉलेजांत आला आणि २०२४-२५ पर्यंत तालुक्याच्या साध्या कॉलेजांतही पोचला. आता वर्ष मोजत नाहीत, क्रेडिट मोजतात. सरकारी मराठीत त्याला श्रेयांक म्हणतात. एक क्रेडिट म्हणजे सहामाहीत साधारण १५ तासांचं शिकवणं, प्रात्यक्षिक असेल तर ३० तास. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट लागतात, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६.

यातले सगळे क्रेडिट काही मराठीचे किंवा इतिहासाचे नसतात. मुख्य विषयाच्या जोडीला दुय्यम विषय असतो, दुसऱ्या शाखेतला एखादा खुला विषय असतो. भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, एखादं कौशल्य, खेळ किंवा एन.एस.एस.सारखा उपक्रम, क्षेत्र प्रकल्प, समाजात जाऊन करायचं काम आणि प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण, हे सगळं त्यात येतं. बरेचसे दोन-दोन क्रेडिटचे. दिसायला चिल्लर, पण त्याशिवाय बेरीज पुरी होत नाही.

आणि नेमकी हीच चिल्लर मुलींच्या हातून निसटते. बचत गटांच्या कामानिमित्त घरोघरी जाणं होतं, तेव्हा हे वारंवार दिसतं. पोरगी मुख्य विषयात पहिल्या वर्गात, पण क्षेत्र प्रकल्पाच्या वेळी घरात सोयाबीनची काढणी, नाहीतर नात्यात लग्न. ‘तो काय पेपर आहे का? एक फाइल तर द्यायची!’ असं म्हणून तिला थांबवतात. प्रशिक्षणासाठी पतसंस्थेत किंवा दुकानात बसायचं म्हटलं की ‘एकटी कशी बसणार?’ पेपरला सोडतात, कारण त्याचं वेळापत्रक छापून येतं. बाकीचं सगळं ‘फावल्या वेळातलं’ ठरतं. आणि आपल्या घरात मुलीच्या वाट्याला फावला वेळ किती येतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

हे दुखणं आजचं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निकालानंतर पुढे पदवीला पर्यावरणाचा अभ्यास सक्तीचा झाला. तो ‘बिनमहत्त्वाचा’ म्हणून राहून गेलेल्या आणि पदवीचा कागद अडलेल्या बायका तुमच्या गल्लीतही सापडतील. पूर्वी असा एकच विषय होता, आता असे अनेक आहेत.

कुणी म्हणेल, एवढे सक्तीचे विषय हवेतच कशाला? या तक्रारीत तथ्य आहे. कित्येक ठिकाणी शिकवायला माणूस नाही, समाजात जाऊन करायच्या कामाच्या फायली एकमेकींवरून उतरवल्या जातात. हे बदललंच पाहिजे, आणि ते कॉलेजच्या हातात आहे. मुलींना लांब पाठवायची गरजच काय? गावातली अंगणवाडी, ग्रामपंचायत, रेशन दुकान, बचत गटाची हिशेबवही, प्राथमिक आरोग्य केंद्र, ही सगळी शिकण्याचीच ठिकाणं आहेत. कॉलेजने तिथे पत्र देऊन मुलींना दोघीदोघींनी पाठवलं, तर घरचेही अडवणार नाहीत. ग्रामसभेत प्रश्न कसा विचारायचा, हे ज्या मुलीला विसाव्या वर्षी कळलं, तिला पुढे कुणी गप्प बसवू शकत नाही. तेव्हा मुख्य विषयापलीकडचं शिक्षण नको असं नाही. ते खरंखुरं हवं.

महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं, तेव्हा त्याच्या पदवीला ‘गृहीतागमा’ असं नाव होतं. त्या पदवीला सुरुवातीला सरकारमान्यता नव्हती, ती यायला १९५१ उजाडलं. तरीही बायका शिकल्या, लोकांची बोलणी खाऊन शिकल्या. आज आपल्या पदवीला मान्यता आहे, कॉलेज तालुक्याला आहे, एस.टी.चा पास आहे. आणि आपण ती दोन क्रेडिटसाठी सोडून देतो!

आता सगळ्यात महत्त्वाचं, लग्न. नव्या पद्धतीत पहिल्या वर्षानंतर शिक्षण थांबवलं तरी प्रमाणपत्र मिळतं, दुसऱ्यानंतर डिप्लोमा मिळतो. पण त्यासाठी ठरलेले क्रेडिट, शिवाय सुट्टीत चार क्रेडिटचा व्यावसायिक अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. आयोगाच्या आराखड्याप्रमाणे परत यायला तीन वर्षांची मुदत आहे आणि पदवी एकूण सात वर्षांत संपवायची आहे. सोय चांगली आहे. पण मुलीच्या बाबतीत बाहेर पडायला सगळं घर लगेच ‘हो’ म्हणतं. परत आत शिरायला मात्र नवरा, सासू, सासरे, सगळ्यांची परवानगी लागते. ‘बाळ जरा मोठं होऊ दे, मग बघू’ म्हणता म्हणता सात वर्षं कधी सरतात, कळतही नाही. सर्टिफिकेट मिळालं म्हणून ‘झालं शिक्षण’ असं कुणी म्हणू लागलं, तर त्याला तिथेच थांबवा.

दुसरी गोष्ट नावाची. मिळालेले क्रेडिट आता ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’च्या खात्यात जमा होतात. ते खातं डिजिलॉकरमधून, आधार कार्डावरून उघडतं. लग्नानंतर आपल्याकडे आडनाव बदलतं, कधी कधी नावही बदलतं. आधारवर एक नाव, कॉलेजच्या दप्तरात दुसरं, आणि मोबाइल नंबर भावाचा! मग खेटे कुणी घालायचे? म्हणून शक्य असेल तर पदवी हातात पडेपर्यंत आधारवरचं नाव बदलू नका. बदललंच असेल तर लग्नाचा दाखला घेऊन कॉलेजात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मोबाइल नंबर मात्र स्वतःचाच हवा.

प्रत्येक सहामाहीचा निकाल लागला की आपले क्रेडिट किती झाले, कोणते राहिले, हे वहीत लिहून ठेवायची सवय मुलीला लावा. हजेरीची अट बहुतेक ठिकाणी ७५ टक्क्यांची असते, तिचाही हिशेब ठेवा. विद्यापीठागणिक नियमांत फरक असतो, तेव्हा कॉलेजच्या ऑफिसात विचारायला लाजू नका.

ज्यांचं शिक्षण पूर्वीच सुटलं, त्यांनीही जुन्या गुणपत्रिका शोधून काढा. जुना अभ्यासक्रम बंद झाला असेल, तर काय ग्राह्य धरलं जाईल हे विद्यापीठात विचारा. नाहीतर बारावीच्या आधारावर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात नव्याने सुरुवात करता येते. १९८९ साली ते उभं राहिलं, तेच ज्यांना रोज कॉलेजला जाता येत नाही अशांसाठी.

शेवटी आयांना एक विनंती. लग्न ठरलं की दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसून याद्या करतात. कार्यालयाचा खर्च कुणाचा, मानपानाच्या साड्या किती, वाजंत्री कुणाची, सगळं लिहून खाली सह्या होतात. त्याच कागदावर आणखी एक ओळ घाला: मुलीचे इतके क्रेडिट राहिले आहेत, ते अमुक सालापर्यंत पूर्ण होतील, फी कोण भरणार आणि परीक्षेला कोण सोडणार. समोरची मंडळी हसली तरी हसू द्या. साड्यांवरून याद्या अडलेल्या आपण पाहिल्या आहेत. एकदा पदवीवरून अडल्या तरी चालतील.